सहा ते आठ

गुरुवारी सकाळी पंपमामा तलावाखालच्या खोलीत फिल्टर धूत होता. फिल्टर धुताना पाणी उलटं फिरवायचं असतं. काचेच्या नळीतून मळकं पाणी जाताना दिसतं आणि ते स्वच्छ होईपर्यंत माणसाने जागचं हलायचं नसतं. मामा नळीवर डोळा ठेवून उभा होता, तेवढ्यात लोखंडी जिन्यावरून पार्सल खाली आली.

पार्सल म्हणजे क्लबच्या महिला वॉटर पोलो संघाची गोलकीपर. दिवसभर कुरियरच्या गोदामात खोकी उचलायची आणि संध्याकाळी गोलपुढे पाण्यात हात पसरायची. आलेला बॉल न उघडता परत पाठवते म्हणून तिचं नाव पार्सल पडलं होतं. तिच्या खांद्याला महिनाभर ठणका होता, म्हणून मामाची बायको तिला सकाळीच एक्सरेला घेऊन गेली होती. मामाची बायको ही संघाची प्रशिक्षक. पोरी तिला बाई म्हणत आणि तलावाच्या आवारात मामाही तिला बाईच म्हणायचा.

पोरी कधी पंपाच्या खोलीत येत नसत. पार्सल मधल्या पायरीवर थांबली. एक हात गळ्यातल्या झोळीत, दुसऱ्या हाताने तो खांदा घट्ट धरलेला, तोंड उघडं. तो चेहरा बघितला आणि मामाचा हात आपोआप पॅनेलवरच्या लाल बटणावर गेला.

बावीस वर्षांची सवय होती ती. वर कुणी अडकलं, कुणाचे केस जाळीत ओढले गेले, तर आधी बटण, मग प्रश्न. बावीस वर्षांत त्याने ते तीनदा दाबलं होतं आणि तिन्ही वेळा बरोबर दाबलं होतं.

पंप थांबला. त्या खोलीत कधी नसते ती शांतता झाली.

"मामा, वर कुणी नाही अडकलं," पार्सल म्हणाली. "बाई..."

"काय झालं बाईंना?"

"माझा नंबर आला म्हणून मी हाक मारली. बाकावर बसल्या होत्या. उठल्याच नाहीत. डॉक्टर आले, सगळे आले. मामा, बाई गेल्या हो."

मामाने तिच्याकडे बघितलं, मग नळीकडे. पाणी अजून मळकं होतं. त्याने पंप चालू केला, पाणी स्वच्छ होईपर्यंत उभा राहिला, झडपा एकेक करून सरळ केल्या, हात धुतले आणि मग जिना चढला. लोकांनी नंतर याच्यावरून त्याला खूप नावं ठेवली. बायको गेली आणि हा बाबा फिल्टर धुतोय! पण अर्धवट धुतलेला फिल्टर सोडला तर सगळी घाण परत तलावात येते, आणि तो तलाव बाईंचा होता. एवढं साधं होतं ते. समजावत बसण्याइतका दम त्याच्यात नव्हता.

पाचव्या दिवशी क्लबचे सेक्रेटरी घरी आले. मामाची थोरली बहीण येऊन राहिली होती, तिने पाणी दिलं. सेक्रेटरी खुर्चीच्या कडेवर बसले, दोन चांगले शब्द बोलले आणि मग खिशातून कागद काढला.

त्या वर्षी पहिल्यांदाच संघाला देशोदेशीच्या क्लबांच्या महिला स्पर्धेत प्रवेश मिळाला होता. गटात आपल्यासह चार संघ. प्रत्येकाशी दोन सामने, एक त्यांच्या तलावात, एक आपल्या. एकूण सहा. बाईंनी अकरा वर्षं यासाठी घासली होती.

"माघारीचं पत्र आहे," सेक्रेटरी म्हणाले. "प्रशिक्षक नाही म्हटल्यावर नियमाने उतरताच येत नाही. तुमची फक्त एक सही."

"माझी कशाला?"

"फॉर्मवर दुसरा प्रशिक्षक म्हणून तुमचं नाव आहे."

ते खरं होतं. दोन नावांशिवाय फॉर्म घेत नाहीत म्हणून बाईंनी त्याला प्रशिक्षकांच्या तीन दिवसांच्या शिबिराला पिटाळलं होतं. मामा तिथे मागच्या बाकावर बसून आला होता आणि त्याला एक प्लास्टिकचं कार्ड मिळालं होतं.

"मग प्रशिक्षक आहे की," मामा म्हणाला.

"अहो, काय बोलताय! तुम्ही पंप बघता."

"पंप बघतोच. नाव आहे की नाही, तेवढं सांगा."

"नाव आहे. पण उद्या परदेशी संघ वीस-वीस गोल मारून जातील, शोभा कुणाची होईल?"

"आमचीच. तुम्ही कशाला घाबरता?"

आतल्या खोलीतून ताईचा खाकरण्याचा आवाज आला. सेक्रेटरींनी कागद घडी करून गुडघ्यावर ठेवला. "बरं, स्पष्टच सांगतो. संध्याकाळचे सहा ते आठ तुमच्या संघाकडे आहेत. मुलांच्या वर्गांसाठी पालक रांगेत आहेत, कमिटी माझं डोकं खाते. खेळायचंय ना, खेळा. पण सहातला एक तरी सामना जिंका. नाहीतर सीझन संपला की वेळ काढून घेतली जाईल."

"आम्ही खेळू," मामा म्हणाला. एवढंच म्हणाला.

सेक्रेटरी गेल्यावर ताई बाहेर आली. "अरे, तुला धड पोहता तरी येतं का?"

"येतं. तीस मीटर."

"तलाव केवढा आहे?"

"तेहतीस."

ताईने कपाळाला हात लावला. पाच दिवसांत पहिल्यांदाच त्या घरात कुणीतरी हसलं, पण ते कोण आधी हसलं ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

सहा ते आठ ही वेळ बाईंना सुखासुखी मिळाली नव्हती. आधी बायकांच्या वाट्याला रविवारी सकाळचा एक तास होता, तोही कुणी उठायच्या आत. बाई पोरींना घेऊन रोज संध्याकाळी सहा वाजता फाटकाबाहेर उभ्या राहायच्या. डोक्यावर टोप्या, खांद्यावर टॉवेल, तोंडातून शब्द नाही. येणारे-जाणारे विचारायचे, काय आहे इथे? एकतीस दिवस उभ्या राहिल्या. बत्तिसाव्या दिवशी कमिटीने वेळ दिली. मामा त्या एकतीस दिवसांत रोज आतून फाटकाला कुलूप लावायचा आणि रोज रात्रीच्या जेवणाला बोलणी खायचा. "उघडलं असतंत तर काय बिघडलं असतं हो?" बाई विचारायच्या. "नोकरी आहे," तो म्हणायचा.

त्या उत्तराची त्याला आता रोज आठवण यायची.

पहिल्या सरावाला तेरा पोरी काठावर बसल्या होत्या आणि मामा समोर उभा होता. 

"हे बघा," तो म्हणाला, "खेळ तुम्हाला येतो, मला येत नाही. मला पाणी कळतं. तुम्ही खेळ बघा, मी पाणी बघतो."

"आणि ओरडायचं कुणी?" चिमटीने विचारलं. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती, अंगाने एवढीशी, आणि संघात सगळ्यात जलद पोहायची. "बाई ओरडायच्या ना. ओरडल्याशिवाय माझे पाय हलत नाहीत."

"ओरडायला मी आहे," हॉर्न म्हणाली. ती शहर बस चालवायची आणि तिला कधी हळू बोलताना कुणी ऐकलं नव्हतं.

"एक मात्र लक्षात ठेवा, मामा," पार्सल म्हणाली. "बाकाशेजारी टेबलावर बटण असतं. टाइम-आउटचं. बॉल आपल्याकडे असेल तरच दाबायचं. बॉल त्यांच्याकडे असताना दाबलं तर त्यांना थेट पेनल्टी मिळते. मी मान हलवेन, तेव्हाच हात लावा."

"माहीत आहे मला. बाईंनी शंभरदा सांगितलंय."

"तरी एकशे एकाव्यांदा सांगते."

पहिला सामना परदेशात होता. सतरा-चार हरले. सामन्याआधी मामा बाही वर करून त्यांच्या तलावाच्या काठाने फिरत होता आणि जागोजागी कोपरापर्यंत हात पाण्यात घालून बघत होता. समोरच्या बाकावर हशा पिकला. कुणीतरी त्याच्यासारखाच हात बुडवून थंडीने कुडकुडल्याची नक्कल केली. मामाने लक्ष दिलं नाही. पाणी कुठून आत येतं आणि कुठे ओढलं जातं ते त्याला बघायचं होतं. प्रत्येक तलावाला ओढ असते. बॉल सोडून दिला तर तो कुठे जाईल हे पंपावरच्या माणसाला कळतं, बाकीच्यांना वाऱ्याने हलला असं वाटतं.

दुसरा आपल्याच तलावात अकरा-सात हरले, तिसरा बाहेर दहा-आठ. चौथ्यात पहिल्या संघाने आपल्या तलावात येऊन बारा-आठने पाणी पाजलं. पण सतरा-चारचे बारा-आठ झाले होते, आणि त्या बाकावर कुणी हसत नव्हतं. घरी ताई टोप्यांच्या तुटलेल्या नाड्या शिवायला बसायची. हे काम बाईंचं होतं. "एवढ्या नाड्या तुटतात कशा?" ती पुटपुटायची. "खेळतात की झिंज्या उपटतात?"

"दोन्ही," मामा म्हणायचा.

पाचव्या सामन्याला परक्या तलावात हात घातला आणि मामा चमकला. पाणी जोरात एका बाजूला ढकललं जात होतं. पहिल्या अर्ध्या वेळात त्यांच्या पोरी ज्या बाजूला हल्ला करणार, नेमकं त्याच बाजूला. सामन्यात पंप कमी करून ठेवायचा असतो, निदान मामा ठेवायचा. तक्रार कुणाकडे करायची? भाषा येत नव्हती. तो सरळ पंपाची खोली शोधत निघाला.

खोली सापडायला वेळ लागला नाही. असल्या खोल्या सगळीकडे एकाच जागी असतात, सगळ्यात खाली आणि सगळ्यात दमट. आत त्याच्याच वयाचा एक माणूस स्टुलावर बसून पाव खात होता. त्याने उठून हाताने जा-जा केलं. मामाने आपले दोन्ही हात पुढे केले. क्लोरीनने खाल्लेली बोटं, फुटलेली नखं. माणसाने बघितलं. मग आपले हात पुढे केले. तसेच. मामाने पंपाकडे बोट दाखवलं, पाण्याची ओढ हाताने दाखवली आणि मान नाही-नाही हलवली. माणसाने वरच्या मजल्याकडे बोट करून एक शिवी हासडली. शब्द कळला नाही, पण अर्थ अगदी स्वच्छ होता. त्याने झडप फिरवली. मग अर्धा पाव मोडून मामाला दिला.

त्या सामन्यात फक्त एका गोलने हरले.

राहिला शेवटचा. आपल्या तलावात, आपल्या पाण्यात, शनिवारी दुपारी चार वाजता. समोर दहा-आठने हरवणारा तो तिसरा संघ. हा जिंकला तर सहा ते आठ राहणार. ते सगळ्यांना माहीत होतं. हॉर्न टोपी बांधता बांधता म्हणाली, "मामा, आज पाणी कसंय?"

"बाईंना आवडतं तसं."

कमिटी पहिल्या रांगेत बसली होती. सेक्रेटरी मधोमध.

पोरी त्या दिवशी अशा खेळल्या की मामाला खेळ न कळताही कळला. प्रत्येक क्वार्टर सुरू होताना मधोमध टाकलेल्या बॉलवर चिमटी आधी पोहोचली. हॉर्नने गोलपुढे दोघींना अंगावर घेऊन चार गोल मारले आणि प्रत्येक गोलनंतर पहिल्या रांगेकडे बघून पाण्यावर थाप मारली. पार्सलने, दुखऱ्या खांद्याने, काय काय अडवलं त्याला हिशेब नव्हता. शेवटचे चाळीस सेकंद राहिले तेव्हा नऊ-आठ होतं. आपले नऊ.

बॉल त्यांच्याकडे होता. त्यांच्या उंच पोरीने लांबून मारला. पार्सल उजवीकडे झेपावली, बॉल हाताला लागून परत त्यांच्याकडेच गेला. आणि पार्सलने खांदा धरला. एका हाताने खांदा घट्ट धरलेला, तोंड उघडं, चेहरा पांढरा.

मामाने तो चेहरा आधी एकदा बघितला होता.

आधी बटण, मग प्रश्न. हात कधी गेला ते त्यालाही कळलं नाही. भोंगा वाजला, खेळ थांबला, आणि क्षणभर त्याला बरं वाटलं, की आता वरचं सगळं थांबलं, आता तिला बाहेर काढता येईल. मग त्याने पाण्याकडे बघितलं. पाण्यातल्या आणि बाकावरच्या, तेराही पोरी त्याच्याकडे बघत होत्या. बॉल समोरच्या संघाच्या हातात होता.

पेनल्टी. नऊ-नऊ. वेळ संपली, मग बरोबरी फोडायला पाच-पाच फटके, आणि त्यात एकाने हरले.

मामा कपडे बदलायच्या खोलीबाहेर उभा राहिला. आत नळ चालू होते. आधी हॉर्न बाहेर आली.

"काय केलंत हो हे, मामा?" ती पहिल्यांदाच हळू बोलत होती. "काय केलंत?"

"चूक माझी आहे," मामा म्हणाला.

"मग कुणाची असणार! बटण काय आपोआप दाबलं गेलं?"

"नाही. मी दाबलं."

चिमटी रडत रडत पुढे निघून गेली. सगळ्यात शेवटी पार्सल आली, खांद्याला बर्फ लावून. ती त्याच्यासमोर थांबली.

"मला काही झालं नव्हतं, मामा. नुसती कळ आली होती."

"तुझा चेहरा..."

"माझा चेहरा काय?"

"त्या दिवशी जिन्यावर होता तसा."

पार्सलने खांद्यावरचा बर्फ सरकवून घेतला. मग म्हणाली, "सोमवारी सहा वाजता सराव आहे ना?"

"वेळ गेली ना आता."

"मी काय विचारलं? आहे की नाही?"

रविवारी फाटकावर नोटीस लागली. सोमवारपासून सहा ते आठ महिला संघाचा सराव बंद, पुढच्या महिन्यापासून मुलांचे वर्ग. खाली सेक्रेटरींची सही. मामाने ती दोनदा वाचली. घरी ताई म्हणाली, "आता झालं ना? आता गप घरी बस. वर्षभर नीट रडलासुद्धा नाहीस."

"रडेन. सोमवारनंतर."

सोमवारी सहाला पाच कमी असताना तो आतून फाटकाशी आला. बाहेर तेरा जणी उभ्या होत्या. डोक्यावर टोप्या, खांद्यावर टॉवेल. हॉर्न बसच्या गणवेशावरच टोपी घालून आली होती. येणारे-जाणारे बघत होते. सेक्रेटरी आतल्या बाजूला, हाताची घडी घालून.

"कुलूप राहू दे," ते म्हणाले.

मामाने किल्ल्यांचा जुडगा काढला. अकरा वर्षांपूर्वी हेच कुलूप याच किल्लीने त्याने एकतीस वेळा लावलं होतं. त्याने ते उघडलं.

"अहो, नोटीस वाचता येत नाही का?"

"वाचली. दोनदा."

"अट ठरली होती. एक सामना जिंकायचा."

"अट तुम्ही घातलीत. मी हो म्हटलं नव्हतं. आम्ही खेळू म्हटलं होतं. खेळलो. सहाच्या सहा."

"आणि सहाच्या सहा हरलात! शेवटचा तर तुम्हीच घालवलात, सगळ्यांसमोर!"

"मीच घालवला," मामा म्हणाला. "त्याची शिक्षा मला द्या. उद्या नोकरीवरून काढा. पण वेळ पोरींची आहे, ती माझ्या चुकीत कापू नका. मुलांना चार ते सहा द्या. त्या वेळात कमिटीतली मंडळी डुंबत असतात. एक तास आधी येऊन मी पाणी तयार करून देतो, मुलांना गार लागणार नाही."

फाटकाबाहेर कुणीतरी फिस्सकन हसलं. सेक्रेटरींचा चेहरा लाल झाला. "नोकरी जाईल, सांगून ठेवतो."

"जाऊ दे. पण दुसरा माणूस मिळेपर्यंत पाणी मी स्वच्छ ठेवणार, आणि मी स्वच्छ ठेवलेल्या पाण्यात सहा ते आठ या पोरी उतरणार. तुमच्या नाकावर टिच्चून." मग तो पोरींकडे वळला. "काय बघताय? सहा वाजले."

"हे असं नाही ओरडायचं," चिमटी आत येता येता म्हणाली. "पोटातून ओरडा, मामा. बाईंसारखं."

"उतर!" मामा ओरडला. तलावाच्या छपराखाली आवाज घुमला. चिमटीने धावत जाऊन उडी मारली.

पार्सल सगळ्यात शेवटी आत आली. तिने बाकाशेजारच्या टेबलावरचं टाइम-आउटचं बटण उचललं, आपल्या जुन्या लाल टोपीत घालून नाडीला दोन गाठी मारल्या आणि त्याच्या हातात दिलं.

"हे तुमच्याकडेच ठेवा. पुढच्या वर्षी गाठ सोडायला जेवढा वेळ लागेल, तेवढ्यात बॉल कुणाकडे आहे ते बघा."

"आणि तुला खरंच काही झालं तर?"

"मग पाण्यात उडी मारा. तीस मीटर येतं ना?"

आठ वाजता पोरी गेल्यावर मामा खाली पंपाच्या खोलीत गेला. तिथे तलावाचं रजिस्टर असतं. रोजची वेळ, कोण पोहलं, पाणी कसं होतं, असं लिहून पंपावरचा माणूस सही करतो, आणि आठवड्यातून एकदा शेजारच्या रकान्यात सेक्रेटरी करतात. त्याने लिहिलं: सहा ते आठ, महिला संघ, पाणी योग्य. सही केली. मग पंपाजवळच्या स्टुलावर बसला आणि तिथे, मोटारीच्या आवाजात, बाईंसाठी जेवढं रडायचं होतं त्यातलं थोडं रडला.

याला आता तीन आठवडे झाले. मामाला अजून कुणी काढलेलं नाही. तेरा जणी रोज सहाला येतात. रजिस्टरमध्ये त्याच्या सह्यांच्या शेजारचा सेक्रेटरींचा रकाना कोरा आहे. पुढच्या सीझनच्या फॉर्मवर मुख्य प्रशिक्षकाचं नाव लिहायचं आहे, ते लिहिलेलं नाही. एक सामना जिंकायचा आहे, तोही राहिला आहे.